पाहुणा तारा

आमच्या घराण्यात शोध लावण्याची परंपरा नाही. आमच्याकडे वस्तू फक्त हरवतात. आजोबांनी हयातभर छत्र्या हरवल्या, वडिलांनी किल्ल्या हरवल्या आणि चष्मा हरवण्याचे काम मी स्वतः गेली चाळीस वर्षे निष्ठेने करीत आहे. शोधली आणि सापडली, अशी वस्तू आमच्या घरात ऐकिवात नाही. ती दिवाळीच्या साफसफाईत आपणहून प्रकट होते, आणि तोवर तिच्या जागी दुसरी आणलेली असते. अशा कुळात जन्मलेल्या आमच्या धाकट्या काकांनी एकदम आकाशातल्या ताऱ्यालाच हात घालावा, याचे कौतुक कोणाला वाटणार? "आधी माझा अडकित्ता शोधून दे," एवढेच आजी म्हणाली होती.

काका भूगोलाचे मास्तर. लग्न केलेले नव्हते. भूगोलाच्या माणसाला वर्गीकरणाचे व्यसन असते. खडक तीन प्रकारचे, पाऊस तीन प्रकारचा, आणि परीक्षेत प्रत्येकाचे दोन मार्क. काकांनी ही शिस्त घरातही आणली होती. पाहुण्यांचे त्यांनी दोन प्रकार केले होते. पहिल्या प्रकारचा पाहुणा अचानक उगवतो, चार दिवस घरभर लखलखाट करतो आणि दिसेनासा होतो. दुसऱ्या प्रकारचा पाहुणा येतो बेताच्या झगमगाटात, पण एकदा एका पातळीवर आला की महिनोन्‌महिने त्या पातळीवरून हलत नाही. "हा पठारी पाहुणा," असे काका आईच्या कानात सांगत. पठारी पाहुण्याचे ताट वाढताना आई चेहरा गंभीर ठेवी, याचे मला अजून नवल वाटते.

निवृत्त झाल्यावर काकांनी जुन्या बाजारातून एक दुर्बीण आणली. दोन डोळ्यांना लावायची. तिची दोन नळकांडी एकमेकांशी बोलत नसावीत, कारण तिच्यातून दोन चंद्र दिसत. काका डावा डोळा मिटून घेत आणि एका चंद्रावर समाधान मानत. या दुर्बिणीने ते रोज रात्री गच्चीवरून आकाशाची हजेरी घेत. सगळे तारे हजर असत. काकांची तक्रार तीच होती. त्यांना एखादा न सांगता आलेला तारा हवा होता.

अशी एक जात खरोखरच आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. कधी कधी आकाशात काल जिथे काहीच नव्हते तिथे आज झळझळीत तारा दिसतो. ४ जुलै १०५४ रोजी चीनमधल्या राजज्योतिषांनी असा तारा वृषभ राशीत टिपला. तेवीस दिवस तो भर दुपारी दिसत होता आणि रात्रीचा जवळजवळ दोन वर्षे. चिनी भाषेत अशा ताऱ्याला जे नाव आहे त्याचा अर्थ 'पाहुणा तारा'. आपल्याकडे त्या पाहुण्याची कोणी दखल घेतली होती का, हे जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या ग्रंथांतून धुंडाळले आणि २००१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. निर्विवाद म्हणावी अशी नोंद काही मिळाली नाही. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात, नोंद करून ठेवत नाहीत, असे म्हणून मी आपले समाधान करून घेतले.

पुढे १५७२ साली टायको ब्राहेने एक पाहिला आणि १६०४ साली केप्लरने दुसरा. १६०४ म्हणजे शिवनेरीवर शिवजन्म व्हायला अजून सव्वीस वर्षे होती. आणि १६०४ नंतर आजतागायत आपल्या आकाशगंगेत नुसत्या डोळ्यांनी पाहिलेला असा एकही तारा नोंदलेला नाही. पाच वर्षांनी, १६०९ साली, गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली आणि पाहुण्यांनी येणेच बंद केले. मोठा दिवाणखाना बांधला की पाहुणे येत नाहीत, हा अनुभव आमच्या शेजाऱ्यांनाही आहे.

दूरच्या दीर्घिकांत मात्र ते येत राहिले. १८८५ साली देवयानी दीर्घिकेत एक आला. १९३४ साली बाडे आणि झ्विकी या दोघांनी त्यांना 'सुपरनोव्हा' म्हटले आणि हे नवे तारे नसून मरणारे तारे आहेत, असे सांगून टाकले. मराठीत यांना 'अतिदीप्त नवतारा' असा शब्द आहे. तो उच्चारून होईपर्यंत तारा मावळतो, म्हणून मी सुपरनोव्हाच म्हणणार आहे.

तर २४ फेब्रुवारी १९८७ रोजी चिलीमधल्या लास कॅम्पानास वेधशाळेत इयन शेल्टन नावाचा तरुण रात्री घेतलेली फोटोची काच धुऊन बघतो, तो तीवर एक जास्तीचा तारा. त्याच रात्री तिथलाच ऑस्कर दुहाल्दे हा मदतनीस बाहेर आला होता आणि त्याने तो नुसत्या डोळ्यांनीच पाहिला होता. मोठ्या मॅजेलनी मेघात, म्हणजे आपल्या दीर्घिकेच्या अगदी शेजारच्या वाड्यात, सुमारे एक लाख सत्तर हजार प्रकाशवर्षांवर तारा फुटला होता. १६०४ नंतर नुसत्या डोळ्यांना दिसलेला हा पहिलाच सुपरनोव्हा. काकांनी ही बातमी रेडिओवर ऐकली आणि ते आमच्या खोलीत येऊन म्हणाले, "आला."

"कोण?" मी म्हणालो. मला वाटले, पठारी.

काकांनी रात्रभर गणित केले. मोठा मॅजेलनी मेघ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, उणे एकोणसत्तर अंशांवर. पुण्याहून तो क्षितिजाच्या वर येतो जास्तीत जास्त सव्वादोन अंश. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली तर ती एक अंश झाकते. म्हणजे तारा क्षितिजावर दोन करंगळ्या. आणि पुण्याचे क्षितिज म्हणजे समोरच्या वाड्याची गच्ची नि तिच्यावरची पाण्याची टाकी.

"भीमाशंकरला जायचं," काका म्हणाले.

"काका, तारा दक्षिणेला आहे. भीमाशंकर पुण्याच्या उत्तरेला. आपण त्याच्यापासून लांब चाललो."

"अर्धा अंश लांब," काका म्हणाले. "तिथं तो पावणेदोन अंशांच्याही आतच राहील. पण भीमाशंकरची उंची हजार मीटर. उंचावरून बघितलं की क्षितिज खाली झुकतं. जवळजवळ एक अंश. तोटा अर्ध्याचा, फायदा एकाचा."

एवढा बिनचूक हिशेब आमच्या घरात त्यापूर्वी कोणी मांडला नव्हता. मी भारावून गेलो. शिवाय भीमाशंकरला काकांचा एक जुना विद्यार्थी चहाचे दुकान चालवीत होता, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाची सोय होती. हा मुद्दा काकांनी गणितात धरला नव्हता, पण उत्तर त्यावरच आले होते असा माझा संशय आहे.

शनिवार, २८ फेब्रुवारी १९८७. महाशिवरात्र होऊन दोन दिवस झाले होते. काका, मी आणि माझा धाकटा भाऊ एस.टी.ने निघालो. बरोबर दुर्बीण, काकांची शाळेतली कंपासपेटी, ओळंबा, वही आणि सोळा थालीपिठे. मंचरहून गाडी डावीकडे वळली, घोडेगाव गेले, आणि मग सह्याद्री जवळ येऊ लागला. काका खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराची आमच्याशी ओळख करून देत होते. घोडेगावच्या पुढे त्यांनी आम्हाला पाहुण्या ताऱ्याची चिनी गोष्ट सांगितली. पुढच्या बाकावरच्या एका आजींनी ती सबंध ऐकली आणि विचारले, "मग गेला का तो?" काका म्हणाले, "गेला. पण नऊशे वर्षांनी अजून त्याचा धूर दिसतो." ते खरेच आहे. वृषभेतला क्रॅब नावाचा तेजोमेघ म्हणजे त्याच ताऱ्याचा राहिलेला पसारा. आजींनी हात जोडले.

भीमाशंकरला जत्रेची वर्दळ ओसरत आली होती. नारळाच्या करवंट्या, पेढ्यांची रिकामी खोकी, आणि देवळापाशी ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांच्या ज्या घंटा आणल्या, त्यांतली ही एक. काकांनी तिला हात लावून नमस्कार केला आणि आम्ही दक्षिणेकडच्या एका उघड्या टेपावर जाऊन बसलो. काकांच्या हिशेबाप्रमाणे तारा सर्वांत उंच येणार होता पावणेआठला. अंधार पडला. चंद्राचा उपद्रव नव्हता. एवढे तारे मी जन्मात पाहिले नव्हते. अगस्ती दक्षिणेला ढळढळीत दिसत होता. "त्याच्या उजव्या हाताला खाली या, आणखी खाली," काका म्हणाले. आम्ही खाली आलो आणि थांबलो. खाली सह्याद्री होता.

गणितात एवढेच राहून गेले होते. उंचावरून क्षितिज झुकते हे खरे, पण त्यासाठी समोर समुद्र किंवा मैदान लागते. भीमाशंकरच्या दक्षिणेला एकामागे एक डोंगररांगा आहेत. सगळ्या पुणे जिल्ह्याला सह्याद्री शिकवणाऱ्या मास्तरांना नेमका सह्याद्रीच आठवला नव्हता. आणि तो नसता तरी पावणेदोन अंशांवर फेब्रुवारीची धूळ, वणव्याचा धूर आणि कोकणातली दमट हवा यांच्या थरातून तो बेताच्या तेजाचा तारा दिसणे शक्य नव्हते. हे काकांना त्या क्षणी कळले असावे. ते गप्प बसले.

आणि तेवढ्यात भाऊ ओरडला, "काका, तो बघा!"

डोंगराच्या धारेवर एक तारा उगवला होता. पिवळसर, स्थिर, चांगला तेजस्वी. काकांनी डावा डोळा मिटून दुर्बीण लावली. त्यांचा हात थरथरत होता. "वेळ लिही," ते म्हणाले. "सात सत्तेचाळीस." ओळंबा धरला, कोनमापक लावला. "रंग पिवळा. तेज अपेक्षेपेक्षा जास्त." मी वहीत लिहीत होतो. माझ्याही अंगावर काटा आला होता, हे आता कबूल करतो.

सात एकोणपन्नासला तारा चालू लागला. पन्नासला तो डावीकडे वळला, एका झाडामागे गेला आणि पुन्हा निघाला.

चहाचा विद्यार्थी कंदील घेऊन आम्हाला जेवायला बोलवायला आला होता. त्याने कपाळावर हात धरून पाहिले आणि म्हणाला, "तो व्हय, गुर्जी? आमचा पाव्हना हाय. बॅटरी घेऊन खालच्या वाडीला निघालाय."

काकांनी माझ्याकडून वही घेतली, चार ओळी लिहिल्या आणि मिटली. त्या रात्री ते थालीपीठ न खाता झोपले.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षे सांगितली. गोष्ट चांगली होती, आणि सांगून सांगून ती आणखी चांगली झाली. थालीपिठांची संख्या वाढली, काकांच्या थरथरत्या हाताला आवाज फुटला. १९९४ साली चुलतबहिणीच्या लग्नात, पहिली पंगत उठून दुसरी बसेपर्यंतच्या वेळात, मी ती नकलेसकट सांगितली. डावा डोळा मिटून, हातात उलटा तांब्या दुर्बिणीसारखा धरून, "वेळ लिही, वेळ लिही" असे ओरडलो. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. हसे ओसरले तेव्हा मला खांबापलीकडे काका दिसले. जिलबी खात होते. तेही हसत होते. निघताना माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "गोष्ट छान सांगतोस. फक्त तो पाहुणा दक्षिणेला नव्हता, जरा नैऋत्येला होता. तेवढं दुरुस्त कर."

त्यानंतर काकांनी आम्हाला गच्चीवर कधी बोलावले नाही. दुर्बीण कपाटावर गेली. ते ताऱ्यांविषयी बोलत नाहीत हे लक्षात यायलाही मला दोन वर्षे लागली. मी गोष्ट दुरुस्त केली नाही. 'नैऋत्य' म्हटले की लय बिघडत होती. २००४ साली काका गेले. वही माझ्याकडे आली आणि आमच्या घराण्याच्या रिवाजाप्रमाणे हरवली.

आता जे घडले ते काका गेल्यानंतरचे आहे, आणि ते मला कळायला आणखी काही वर्षे गेली.

ताऱ्याचे वर्गीकरण कसे करतात, हे आधी सांगायला हवे. ताऱ्याचा उजेड काचेतून फाकवला की त्याचा वर्णपट मिळतो. वर्णपट म्हणजे ताऱ्याची पत्रिका. गोत्र, नाडी, गण सगळे त्यात. १९४१ साली मिन्कोव्स्की या शास्त्रज्ञाने सुपरनोव्हांच्या पत्रिका जुळवल्या तेव्हा त्याला दोन गोत्रे सापडली. वर्णपटात हायड्रोजनच्या खुणा नाहीत तो पहिला प्रकार, आहेत तो दुसरा. पुढे पहिल्याचे अ, ब, क असे पोटभाग पडले. पहिल्यातला 'अ' हा मेलेल्या, आटून गेलेल्या ताऱ्याचा स्फोट. अशा ताऱ्याचे वजन सूर्याच्या सुमारे १.४ पटींच्या वर जाऊ शकत नाही. त्या मर्यादेचे गणित ३१ जुलै १९३० रोजी मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी प्रवासात मांडायला घेतले होते. लोक बोटीत ओकाऱ्या काढतात. दुसरा प्रकार म्हणजे सूर्याच्या आठ-दहा पटींहून जड असा तारा. पोटातले इंधन संपले की त्याचा गाभा कोसळतो आणि बाहेरचे अंग उधळले जाते.

वर्णपटाची विद्या पुण्याला नवी नव्हती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली वेधशाळा उभी राहिली होती. प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगामवाला तिथे वीस इंची दुर्बिणीने वर्णपट घेत. १९१२ साली ती बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. मध्ये चौऱ्याण्णव वर्षे गेली. मग मे २००६ मध्ये पुण्याच्या 'आयुका'ची नवी वेधशाळा सुरू झाली. नारळीकरांनी उभी केलेली ही संस्था. दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा, आणि तिच्यावर मंद ताऱ्यांचे वर्णपट घेणारे उपकरण. पुण्यातल्या दिव्यांच्या उजेडापासून दूर, सुमारे हजार मीटर उंचीवर, अशी जागा शोधत शोधत ही मंडळी जिथे पोचली ती जागा गिरवली. आंबेगाव तालुका. घोडेगावच्या शेजारी. म्हणजे भीमाशंकरच्या वाटेवर.

हे वाचले तेव्हा माझ्या हातातला चहा निवला.

पुढचे ऐका. जपानमध्ये यामागाता इथे कोइची इतागाकी नावाचे गृहस्थ आहेत. घरचा धंदा भाजलेल्या शेंगादाण्यांचा. शास्त्रज्ञ नव्हेत, हौशी माणूस. त्यांनी आजवर दीडशेहून अधिक सुपरनोव्हा शोधले आहेत. फुटाणेवाल्याने फुटणारे तारे शोधावेत, यात काही ईश्वरी योजना असावी. २००८ सालच्या ५ नोव्हेंबरला त्यांना चषक तारकासमूहातल्या एका दीर्घिकेत एक सापडला, आणि २६ डिसेंबरला कन्या राशीतल्या मेसिए ६१ या दीर्घिकेत दुसरा. त्या काळी सुपरनोव्हांना मोटारीसारखे नंबर मिळत. साल आणि पुढे इंग्रजी अक्षरे. पहिला '२००८ जीझेड', म्हणजे त्या वर्षातला दोनशे आठवा. दुसरा '२००८ आयएन', दोनशे अठ्ठेचाळिसावा. हा दुसरा तर फुटून एक-दोन दिवसच झाले होते. आपल्या दीर्घिकेत चारशे वर्षांत कोणाला एकही दिसला नाही आणि या मेसिए ६१ मध्ये १९२६ ते २०२० एवढ्या काळात आठ सापडले. काही घरांत पाहुण्यांची रीघच असते.

या दोन्ही ताऱ्यांचा अभ्यास नैनितालच्या 'एरीज' संस्थेतल्या रूपक रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि २०११ साली प्रसिद्ध केला. जगातल्या इतर दुर्बिणींबरोबर त्यासाठी वर्णपट घेतले होते गिरवलीच्या दुर्बिणीने. २००८-०९ च्या हिवाळ्यात घोडेगावात लोक शेकोट्या करून बसले होते, तेव्हा वरच्या डोंगरावर एका फुटलेल्या ताऱ्याची पत्रिका मांडली जात होती. हायड्रोजन होता. गोत्र दुसरे.

पण दुसऱ्यातही पोटभाग आहेत. काही तारे फुटल्यावर सरळ उतरणीला लागतात. काही मात्र शिडीच्या वाटेने कोकणातून भीमाशंकर चढावे तसे चटकन वर येतात, आणि मग त्यांचे तेज दिवसेंदिवस एका पातळीवर राहते, देशावरच्या सपाटीसारखे. शेवटी एकदम कडा. उधळलेला हायड्रोजन बाहेरून आत असा हळूहळू निवत जातो आणि साठवलेला उजेड पुरवून पुरवून बाहेर सोडतो, म्हणून ही सपाटी. '२००८ आयएन' या सपाटीवर सुमारे अठ्ठ्याण्णव दिवस राहिला. या जातीला शास्त्रात 'दोन-पी' म्हणतात. पी म्हणजे प्लॅटो. म्हणजे पठार.

पठारी पाहुणा. दुसऱ्या प्रकारचा. काकांनी ही नावे कुठे वाचून आईच्या कानात सांगितली होती, की भूगोलाच्या माणसाला ती आपोआपच सुचली, हे विचारायला आता कोणी नाही.

बाकीचा तपशीलही असा की काकांनी तो फळ्यावर लिहून काढला असता. फुटण्यापूर्वी त्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे १२६ पट. अंगावरून उधळलेला ऐवज सतरा सूर्यांच्या जवळपास. स्फोट मात्र त्या मानाने बेताचा, आणि मागे कृष्णविवर नव्हे तर न्यूट्रॉन तारा राहिला असावा, असा निष्कर्ष. त्यात तयार झालेले किरणोत्सारी निकेल सूर्याच्या दीड शतांश. ऐकायला चिमूटभर वाटते, पण ते पाच हजार पृथ्व्यांच्या वजनाएवढे होते. या निकेलचे कोबाल्ट होते आणि कोबाल्टचे लोखंड. आमच्या घरातला तवासुद्धा कुठल्या तरी अशाच जुन्या पाहुण्यांची देणगी आहे, हे मी हिला सांगितले. ती म्हणाली, "मग तो घासताना तुम्हीही हातभार लावा."

अंतर सुमारे सव्वाचार कोटी प्रकाशवर्षे. म्हणजे तो उजेड निघाला तेव्हा सह्याद्रीचा काळा पत्थर थंड होऊन दोन कोटींहून अधिक वर्षे झाली होती, पण त्याच्याकडे बघायला माणूस नव्हता. एवढी वाट तुडवून तो आला आणि भीमाशंकरच्या वाटेवरच त्याची विचारपूस झाली. शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांनी तर १९९३ साली फुटलेल्या एका ताऱ्याचा रेडिओ-आवाज पुढे कित्येक वर्षे टिपला आहे. बघायला डोळे नि ऐकायला कान, सारे या दोन तालुक्यांत. बॅटरी घेतलेल्या पाहुण्याची काय गोष्ट!

दिवाळीच्या साफसफाईत वही सापडली. अर्थात मी शोधली नव्हती. आजीचा अडकित्ता आणि ती एकाच ट्रंकेत होती. भीमाशंकरच्या रात्रीचे पान उघडले. वरच्या ओळी माझ्या अक्षरात: वेळ, रंग, तेज. खाली काकांच्या अक्षरात चार ओळी, ज्या मी त्या रात्री वाचल्या नव्हत्या आणि नंतर वाचण्याची गरज मला वाटली नव्हती:

"निरीक्षण : पाहुणा तारा.
वर्गीकरण : पाहुणा.
जागा बरोबर. साधन अपुरे.
मुले थंडीत बसली. पुन्हा यावे."

माणूस विनोद करीत होता. माझ्याआधी, माझ्यापेक्षा बरा आणि कोणालाही न दुखावता. आणि त्यातून जी खरी गोष्ट होती ती तिसऱ्या ओळीत लिहून मोकळा झाला होता. मी ती सात वर्षे तांब्या हातात धरून मांडवामांडवांत सांगत होतो, आणि नंतरही, ते नसताना. ती तिसरी ओळ मात्र मी कधी सांगितली नव्हती.

त्या हिवाळ्यात ही आणि मी भीमाशंकरला गेलो. घोडेगावला चहा घेतला. दुकानदाराला विचारले, तसे त्याने हातातल्या किटलीनेच डोंगराकडे खूण केली. "ती मोठी दुर्बीण ना? तिकडं वर. पावसाळ्यात बंद असती. तुमचं कोन आहे का तिथं?"

"आमचे काका," असे माझ्या तोंडून निघून गेले. तो आदराने बघू लागला, आणि त्याने चहाचे पैसे घेताना सुट्याची कटकट केली नाही. मी दुरुस्ती केली नाही.

बाकावर बसून मी वहीचे पुढचे कोरे पान उघडले आणि लिहिले: "२००८ आयएन. दीर्घिका मेसिए ६१. जागा : गिरवली, तालुका आंबेगाव. साधन : दोन मीटर. वर्गीकरण : दुसरा प्रकार, पठारी." शेऱ्यापाशी अडलो. शेवटी "नैऋत्येला होता. दुरुस्त केले," असे लिहिले. हिने वाचले आणि काही विचारले नाही.

गोष्ट मी अजूनही लग्नकार्यात सांगतो. फक्त आता बॅटरीपाशी थांबत नाही. घोडेगाव, गिरवली, जपानचे शेंगादाणे, पठार, सगळे सांगतो. त्यामुळे ती पाऊण तास चालते. बॅटरीला लोक पूर्वीइतकेच हसतात, पण पठारापर्यंत फार थोडे टिकतात. बाकीचे पहिल्या प्रकारचे. ते पानावर जाऊन बसतात.